डब्यातले ऋतू

दिवाळी आठवड्यावर आली की डॉ. प्रणिता वैरागडे यांच्या दवाखान्यात डबे यायला लागत. नागपुरात जनावरांची डॉक्टर म्हणून त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून वासरं ओढलेली, किडे पडलेल्या जखमा चिमट्याने साफ केलेल्या, आणि हात धुऊन लगेच पोळीभाजी खाल्लेली. या बाईला कशाची घाणच वाटत नाही, असं लोक म्हणायचे. त्याच बाईला आता ऐन सणात स्वतःच्या दवाखान्याची पायरी चढताना मळमळायचं.

डबे म्हणजे मोठ्या सुटकेसएवढ्या पांढऱ्या पेट्या. खाली चाकं, वर काचेचं झाकण. कंपनीने मोठ्या हौसेने नाव ठेवलं होतं 'ऋतुशय्या'. लोकांनी पहिल्याच महिन्यात त्याचा डबा करून टाकला. आत एक ओलसर गादी, गादीवर पाय पोटाशी घेतलेलं कुत्रं, आणि कुत्र्याच्या डोक्याला दोन कानांच्या मधून गेलेली रबरी पट्टी. कुत्रं मेलेलं नसे. नीट लक्ष देऊन पाहिलं तर बऱ्याच वेळाने बरगड्या जराशा हलताना दिसत.

त्या दिवशी सगळ्यांत पुढे चांदेकर वहिनी होत्या. त्यांनी झाकण उघडलं आणि वास खोलीभर पसरला. दमट गादीचा, शिळ्या लाळेचा, कुठेतरी विसरलेल्या ओल्या टॉवेलचा. प्रणिताबाईंनी लॅब्राडॉरच्या पोटावर हात ठेवला. फ्रीजमधून काढलेल्या कोंबडीसारखं ते गार आणि लिबलिबीत लागलं.

"गणपतीपासून ठेवलाय," वहिनी म्हणाल्या. "अजून फ्रेश आहे ना, मॅडम?"

प्रणिताबाईंनी कुत्र्याचा पंजा उलटा करून पाहिला. सात वर्षांच्या कुत्र्याचा तळवा खरखरीत, भेगाळलेला असायला हवा. हा गुळगुळीत, गुलाबी आणि मऊ होता, जमिनीला कधी टेकलाच नसावा तसा. नखं मात्र वाढून आत वळली होती. हृदय उत्तम, दात उत्तम, रक्त उत्तम. त्यांनी नखं कापली, तब्येत ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि बेसिनपाशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिल्या. वहिनी जाताना झाकण लावून वर दोन चापट्या मारून गेल्या.

यामागचं शास्त्र मात्र किळसवाणं नव्हतं. उलट, पहिल्यांदा वाचलं तेव्हा प्रणिताबाई त्यावर भाळल्या होत्या. मेंदूच्या तळाशी, तोंडातल्या टाळूच्या वर खोलवर, पेशींचा एक लहानसा झुबका असतो. शरीर किती गरम ठेवायचं ते हा झुबका ठरवतो, गिझरचं बटण ठरवतं तसं. थंड देशांतल्या काही खारी, वटवाघळं आणि उंदीर अन्न संपलं की हे बटण खाली फिरवतात. अंग गार पडतं, हृदयाचे ठोके मिनिटाला दहावर येतात, श्वास तुरळक होतो आणि प्राणी जवळजवळ काही न खर्चता वाईट दिवस काढून नेतो. कुत्र्याला हे जमत नाही, पण पेशी त्याच्याकडेही आहेत. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी कवटीतून नेमक्या त्या झुबक्यावर सोडल्या, तर कुत्र्याचंही बटण फिरतं, हे कुणीतरी शोधून काढलं. पट्टी लहरी सोडते आणि गादी अंग गार करते. पट्टी बंद करून गादी तापवली की पाऊण तासात कुत्रं उठून बसतं. ना भूल, ना इंजेक्शन.

आणि सुरुवातीला त्याने जीव वाचवले, हे प्रणिताबाई कधी नाकारत नसत. नवतप्यात, म्हणजे मे महिना संपता संपता नागपूर भट्टीसारखं तापतं त्या दिवसांत, उष्माघाताने तडफडणारी कुत्री त्यांच्या टेबलावर यायची. बर्फ लावूनही मेंदू भाजून निघायचा. पट्टी आल्यावर तीच कुत्री चार तास गार पडून राहायची आणि शेपूट हलवत घरी जायची. पहिल्या दिवाळीला तर त्यांनी स्वतः कितीतरी घरांना डबा सुचवला. सुतळी बॉम्बच्या आवाजाने वेडं होऊन गच्चीवरून उडी टाकलेलं कुत्रं ज्याने उचललं आहे, त्याला दुसरं काही सुचणारच नाही.

पण माणसाला एकदा सोय लागली की ती सुटत नाही. दिवाळीला डबा झाला, मग एकतीस डिसेंबरला झाला, कारण तेव्हाही फटाके असतातच. उन्हाळा तर ठरलेलाच. पावसात गोचीड लागतात आणि गोचिडांचा ताप येतो, म्हणून पाऊस संपेपर्यंत राहू द्या. गणपतीत ढोल, नवरात्रात डीजे, होळीला रंग, आणि मधल्या सुट्ट्यांमध्ये माणसं गोव्याला जातात तेव्हा कुत्र्याला कुणी बघायचं? थंडी तेवढी बरी होती, तर कंपनीने सांगितलं की थंडीत म्हाताऱ्या कुत्र्यांचे सांधे दुखतात. असं करता करता वर्षात कुत्र्याला जागं राहायला काही उरलंच नाही. त्यात आणखी एक आमिष होतं. डब्यातल्या कुत्र्याचं वय वाढायचं जवळजवळ थांबतं. लोक एकमेकांना आपापली कुत्री दाखवत आणि कौतुकाने म्हणत, बघा, आणलं तेव्हा होतं तसंच आहे.

प्रणिताबाईंना याची शिसारी बसली होती. पण दवाखान्यातल्या कुत्र्यांचं एक वेळ ठीक, ती परक्यांची होती. बुंदी परक्यांची नव्हती.

बुंदी त्यांना एका पावसाळ्यात गटाराच्या पाइपात सापडली होती. डोळे न उघडलेलं, मुठीएवढं गावठी पिल्लू. ड्रॉपरने दूध पाजून, रात्री उशाशी घेऊन त्यांनी तिला जगवलं. अंगभर पिवळे ठिपके होते म्हणून नाव बुंदी. थोडी मोठी झाल्यावर त्यांनी ती मुलाच्या घरी दिली, कारण ईशान आणि सून सानिका यांची लेक चैत्राली तेव्हा नुकती पावलं टाकायला लागली होती आणि पोरीला एक सोबती हवा होता. ईशानचं घर वर्धा रोडवर, सोनचाफा संकुलात. दोघं नवरा-बायको दिवसभर कामावर. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी डबा घेतला. आता चैत्राली सहा वर्षांची होती आणि बुंदी अजूनही साधारण दीड वर्षाचीच दिसत होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी प्रणिताबाई मुलाकडे जेवायला गेल्या. त्या येणार म्हणून बुंदीला सकाळीच डब्यातून काढलं होतं. पूर्वी ही कुत्री त्यांच्या चपलांचा आवाज ओळखून जिन्यापर्यंत धावायची. आता ती सोफ्यामागे पडून होती. त्यांनी हाक मारली तेव्हा तिने एक डोळा उघडला, शेपटी दोनदा जमिनीवर आपटली आणि परत डोळा मिटला. चैत्रालीने तिच्यापुढे चेंडू टाकून पाहिला, मग कंटाळून टॅबलेट घेऊन बसली.

"ही अशीच करते," चैत्राली म्हणाली. "उठवलं तरी झोपूनच राहते."

जेवताना ईशानने सांगितलं की संकुलात सगळ्यांची हीच तक्रार आहे. काढून ठेवलं तरी कुत्री लोळतातच. कंपनीला विचारलं तर ती म्हणते, गावठी आणि काही विलायती जाती मुळातच आळशी असतात, मग डब्यात राहिली काय नि बाहेर काय, सारखंच. प्रणिताबाईंचा हात ताटातच राहिला. गावठी कुत्रं आळशी असतं हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्या निघाल्या तेव्हाही बुंदी झोपलेली होती आणि तिचे पाय झोपेत धावत होते.

ते धावणारे पाय त्यांच्या डोक्यातून जाईनात. पुढच्या काही आठवड्यांत त्यांनी दवाखान्यात येणाऱ्या डब्यांतल्या कुत्र्यांच्या मेंदूचे आलेख काढायला सुरुवात केली. नखं कापायची तेवढ्या वेळात डोक्याला चार तारा लावायच्या, बस्स. आलेखांत झोपेची एकही लाट नव्हती. ते बघून त्यांना स्वतःचाच राग आला, कारण ही गोष्ट खारींच्या बाबतीत फार पूर्वीपासून माहीत होती. थंडीत गार पडून राहिलेली खार मधूनमधून स्वतःला तापवते, त्यासाठी जिवापाड साठवलेली चरबी जाळते. कशासाठी? खायला नाही, प्यायला नाही. झोपायला. गार पडलेल्या मेंदूला झोपता येत नाही. झोप हे मेंदूचं काम आहे, त्यात तो दिवसभराची आवराआवर करतो आणि त्याला त्यासाठी ऊब लागते. ती नसली की झोपेची उधारी साचत जाते. खारीला ती फेडायची मुभा असते. डब्यातल्या कुत्र्याला कोण देणार?

म्हणजे महिनोन् महिने ही जनावरं झोपलेलीही नव्हती आणि जागीही नव्हती. बाहेर काढली की ती आळस करत नव्हती, जिवाच्या आकांताने झोपून घेत होती. आणि झोपतंय म्हणून त्यांना परत डब्यात टाकलं जात होतं. प्रणिताबाईंनी आलेख बाजूला सारला. त्यांना खरोखरच उलटी झाली.

हे सगळं त्यांनी ईशानला नीट समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मुलगा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर भांडून मोकळं होता आलं असतं. तो म्हणाला की शेजारच्यांचं कुत्रं डब्याशिवाय ठेवलं आणि गोचिडांच्या तापाने गेलं, तेही तुझ्याच टेबलावर. मग कमी झोप बरी की मरण बरं? प्रणिताबाईंनी सांगितलं की गोचीड हाताने काढता येतात, उन्हात ओलं पोतं टाकता येतं, फटाक्यांच्या वेळी कुत्र्याला कुशीत घेऊन न्हाणीघरात बसता येतं. लोकांनी वर्षानुवर्षं हेच केलं. त्यावर सानिका हसून म्हणाली, आई, एवढा वेळ कुणाकडे आहे?

मग ईशानने खरी बातमी सांगितली. त्याला ऑफिसतर्फे दोन वर्षांसाठी सिंगापूरला पाठवत होते. पोळा झाला की तिघं निघणार होते. बुंदीची सोय झाली होती. डब्याच्या कंपनीचं शहराबाहेर मोठं गोदाम होतं, तिथे रांगेने डबे ठेवतात, सगळं यंत्रावर चालतं. दोन वर्षांनी आलो की जशीच्या तशी परत.

"दोन वर्षं?" प्रणिताबाईंचा आवाज चिरका झाला. "सलग? अरे, माझ्याकडे ठेव ना. मी काय मेली आहे का?"

"तुझ्याकडे राहिली तर ती म्हातारी होईल, आई," ईशान म्हणाला. "चैतूला ती अशीच पाहिजे. तू उगाच टेन्शन घेऊन राहिली."

प्रणिताबाई मुलाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. हा त्यांनीच वाढवलेला पोरगा होता. कुत्रं म्हातारं होऊ नये म्हणून तो त्याला दोन वर्षं गोदामात ठेवायला निघाला होता आणि ते प्रेमाने करत होता. त्यांना त्याची किळस आली, आणि पोटच्या पोराची किळस येते म्हणून स्वतःचीही आली. कायदा त्याच्या बाजूने होता. कुत्रं मालकाचं. त्या पर्स घेऊन उठल्या.

उन्हाळा गेला, पाऊस आला. प्रणिताबाई मुलाकडे फिरकल्या नाहीत. पोळ्याच्या तोंडावर सोनचाफा संकुलाचे अध्यक्ष ठवकर स्वतः दवाखान्यात आले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात लहान पोरांचा तान्हा पोळा असतो. मोठ्यांचे खरे बैल, तसे पोरांचे लाकडी नंदी. पोरं त्यांना रंग देतात, झूल घालतात, चाकांवरून ओढत तोरणाखाली रांगेत उभे करतात, आणि सगळ्यांत देखण्या नंदीला बक्षीस मिळतं. मग तोरण तोडलं की पोळा फुटतो आणि पोरं घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. दिवस संपला की नंदी फडक्यात गुंडाळून माळ्यावर, पुढच्या वर्षापर्यंत. ठवकरांना परीक्षक हवा होता.

"यंदा आपण नवीन करून राहिलो, मॅडम," ठवकर म्हणाले. "लाकडी नंदी आजकाल कुणाकडे आहेत? यंदा पोरं आपापली कुत्री सजवून आणतील. मुक्या प्राण्याचा मान. तुमच्यासारखा परीक्षक कुठे भेटणार?"

प्रणिताबाईंना वाटलं, चला, निदान त्या दिवशी तरी ती जागी असतील. त्या हो म्हणाल्या.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी पाऊस उघडला होता. संकुलाच्या मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, कोपऱ्यात डीजे दणाणत होता, आणि तोरणाखाली तीसेक पोरं नव्या कपड्यांत ओळीने उभी होती. प्रत्येकाच्या हातात दोरी. दोरीच्या टोकाला चाकांची फळी. फळीवर डब्यातली गादी, आणि गादीवर कुत्रं.

प्रणिताबाई जागच्या जागी थबकल्या. एकही कुत्रं जागं नव्हतं. अंगावर जरीच्या झुली होत्या, गळ्यात घुंगरांच्या माळा, आणि डोक्याला पट्टी झाकायला बाशिंगं. काहींच्या कपाळावर पुठ्ठ्याची सोनेरी शिंगं डिंकाने चिकटवली होती. पाय दुमडून पोटाखाली घातलेले, माना उशा देऊन सरळ केलेल्या. आईबाप फोटो काढत होते. प्रणिताबाईंना घशाशी आलं. तोंडावर पदर दाबून त्या खुर्चीपर्यंत गेल्या.

चैत्राली ओळीच्या मधोमध होती. बुंदीच्या नखांना तिने लाल पॉलिश लावलं होतं, पिवळ्या ठिपक्यांवर चमकी चिकटवली होती आणि जबड्याभोवती गुलाबी रिबिनीचा फुलपाखरासारखा बो बांधला होता.

"जीभ बाहेर येत होती," तिने सांगितलं. "म्हणून आईने रिबीन बांधली. छान दिसते ना, आजी?"

प्रणिताबाईंनी तिला विचारलं की बुंदीला उठवून, दोरी धरून चालवत का नाही आणलं. चैत्रालीला हा प्रश्नच विचित्र वाटला.

"जागी असली की हलते ना. मग झूल पडते."

पोरीची काही चूक नव्हती. तिने आयुष्यभर हेच पाहिलं होतं. नंदी आणि बुंदी, दोन्ही सणाला काढायचे, सजवायचे, ठेवून द्यायचे. मागे ईशान हात बांधून उभा होता, आईने सगळं विसरून पोळ्याला यावं याचा त्याला आनंद झालेला दिसत होता. गोदामाची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार असल्याचं त्याने हळूच सांगितलं.

परवानाधारक पशुवैद्यांकडे एक बटणाची चावी असते, करंगळीएवढी. एखाद्या इमारतीला आग लागली तर आसपासच्या सगळ्या पट्ट्या एकदम बंद करून गाद्या तापवायला. प्रणिताबाईंनी ती कधी वापरली नव्हती, पण पर्समध्ये असायची. त्यांनी ती मुठीत घेतली. मग परीक्षकाच्या रुबाबात उठून ओळीतून फिरायला लागल्या. झूल बघतो आहोत असं दाखवत एकेका कुत्र्याजवळ वाकायचं, गळ्यातली माळ सैल करायची, जबड्याची रिबीन सोडायची, मान एका कुशीवर वळवायची, म्हणजे ओकारी आली तर श्वासात जाणार नाही. बुंदीचा बो सोडला तेव्हा चैत्राली रुसली. तिला त्यांनी सांगितलं की परीक्षकाला तोंड बघावं लागतं. ओळ संपवून त्या माइकपाशी गेल्या, डीजे बंद करायला लावला, आणि मुठीतली चावी दाबली.

पाऊण तास हवा होता. दोन मिनिटांच्या वर कधी न बोललेली ही बाई माइक धरून जी सुरू झाली ती थांबेचना. त्यांनी बैलाच्या खुरांबद्दल सांगितलं. वशिंडाबद्दल सांगितलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे लोणी-हळदीने का मळतात ते सांगितलं, मग लोण्याबद्दल सांगितलं, मग गाईबद्दल. पोरं चुळबुळायला लागली. ठवकर दोनदा जवळ येऊन खाकरले. प्रणिताबाईंनी त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता रवंथ कसं चालतं ते सांगायला घेतलं. लोकांनी फोन काढले. सानिकाने ईशानकडे बघितलं, आणि ईशान आईकडे, आणि काहीतरी बिनसलंय हे त्याला कळायला लागलं. पण भरल्या मैदानात आईच्या हातातून माइक कोण काढून घेणार?

प्रणिताबाई गाईच्या चारही पोटांची नावं सांगत असताना पुठ्ठ्याचं एक शिंग थरथरलं.

मग सगळी ओळच थरथरायला लागली. गार शरीर स्वतःला तापवतं ते असंच, आतून हुडहुडी भरल्यासारखं. तीसेक गळ्यांतले घुंगरू एकदम वाजू लागले. पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि पहिलं कुत्रं ओकलं. पिवळा, फेसाळ, आंबूस पाण्याचा लोट जरीच्या झुलीवर. मग दुसरं, मग पाचवं. महिन्यांची तुंबलेली लघवी सुटली आणि फळ्यांवरून वाहत पोरांच्या नव्या बुटांपर्यंत गेली. वास असा सुटला की पुढच्या दोन रांगा खुर्च्या सोडून उठल्या. छी, छी, असं सगळं मैदान म्हणत होतं. पोरं दोऱ्या टाकून पळाली. संकुलातच राहणाऱ्या चांदेकर वहिनींनी आपल्या लॅब्राडॉरकडे पाहिलं आणि नाकाला रुमाल लावून तोंड फिरवलं.

प्रणिताबाई ते बघत उभ्या होत्या. मैदानात आल्यापासून त्यांना मळमळत होतं, ते आता थांबलं. ही घाण त्यांच्या ओळखीची होती. जिवंत जनावराची होती.

त्यांनी हात वर करून तोरण ओढलं. पोळा फुटला. पण एकही कुत्रं धावलं नाही. धडपडत, मऊ पायांवर लटपटत ती फळ्यांवरून उतरली, दोन पावलं चालली, मातीत गोल गोल फिरली, आणि एकेक करून पडून झोपली. चिखलात, खुर्च्यांखाली, डीजेच्या पेट्यांना टेकून. सगळं मैदान झोपलेल्या कुत्र्यांनी भरून गेलं.

"एवढी नासधूस करून काय मिळवलं, मॅडम?" ठवकर रागाने लाल झाले होते. "होती तशीच झोपली ना? उद्या कंपनी तक्रार करेल, तुमचा परवाना जाईल."

जाऊ द्या, असं प्रणिताबाईंनी सांगितलं. त्या बुंदीपाशी जाऊन चिखलात बसल्या. बुंदी कुशीवर पडली होती, जीभ बाहेर, झुलीवर ओकारी. लाल नखांचे चारही पाय झोपेत धावत होते. पुढे ईशान डबा ओढत आला. त्याने झाकण उघडलं, गादी आत टाकली आणि बुंदीला उचलायला वाकला. चेहऱ्यावर घृणा होती, घाणीची की आईची, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात चैत्राली आली. एका हाताने नाक दाबलेलं. ती जरा लांब बसली, मग वासाची सवय झाली तशी थोडी जवळ सरकली. बुंदीचे पाय का हलतायत, म्हणून तिने विचारलं. प्रणिताबाईंनी सांगितलं की ती स्वप्नात पळते आहे. चैत्रालीने हात पुढे केला आणि नेहमीच्या सवयीने बुंदीच्या पोटावर ठेवला. ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"आजी," ती घाबरून म्हणाली, "बुंदीला ताप आलाय. गरम लागतेय ती."

ईशान वाकलेला होता तसाच थांबला. त्याने लेकीकडे पाहिलं, मग स्वतःचा तळहात बुंदीच्या पोटावर टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. लहानपणी दवाखान्यातल्या पिल्लांच्या टोपलीत तो दुपारभर झोपायचा, हे प्रणिताबाईंना आठवलं. त्यालाही आठवलं असावं.

"ताप नाही, चैतू," शेवटी तोच म्हणाला. "कुत्री अशीच असतात."

मग त्याने डब्याचं झाकण लावलं. बुंदी बाहेरच होती. चैत्रालीने परत हात ठेवला आणि या वेळी काढला नाही. प्रणिताबाईंनी झुलीचा ओकलेला कोपरा बाजूला केला, आपल्या पदराने बुंदीचं तोंड पुसलं, आणि तिची झोप पुरी होईपर्यंत तिघं तिथेच बसून राहिले.